भरपाईची ओळ

प्रिय मंद्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला आणि मी उलट केला नाही. राग धरू नकोस. गेले तीन आठवडे एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय आणि ती तुझ्याशिवाय सांगणार कुणाला?

आईची साखर आटोक्यात आहे, माझा खांदाही बरा आहे.

तर, आपला भूजलाचा कोड नव्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यावर नेला. सहा तासांचा जॉब पावणेदोन तासांत संपला, सगळे खूश. पण पाण्याचा ताळेबंद जुळेना. पडलेला पाऊस, त्यातून वाहून गेलेलं वजा, मुरलेलं वजा, हाती शून्य यायला हवं. इथे दर पावसाळ्याला थोडं पाणी गायब.

पहिला संशय ओपनब्लासवर घेतला, गोतोच्या कामावर उभ्या असलेल्या मॅट्रिक्स-गणिताच्या त्या वेगवान लायब्ररीवर. लगेच तू आठवलास. मी मॅट्रिक्सच्या गुणाकाराला स्वतःचे तीन लूप लिहिले होते, तेव्हा कॅन्टीनमध्ये टेबल आपटून ओरडला होतास, "गोतोने जे असेंब्लीत, थेट प्रोसेसरच्या भाषेत, हाताने घासून बसवलंय, ते तू दुपारभरात करणार?" शमीने मध्ये पडून आपल्याला चहा पाजला होता. असो. ओपनब्लास काढून नेटलिबचं साधं ब्लास, तेच काम करणारी संथ मूळ लायब्ररी, जोडलं. शेवटचे एकदोन अंक हलले, ते हलणारच. बेरजेचा क्रम बदलला की तेवढं होतं. गळती मात्र तशीच. म्हणजे ते भांडण तू आजही जिंकलेलाच आहेस.

मग मेकफाइल उघडली, कोड कंपाइल कसा करायचा ते लिहिलेली फाइल. नव्या मुलाने वेगासाठी कंपायलरच्या ओ-टू या फ्लॅगच्या जागी जास्त आक्रमक ओफास्ट घातलं होतं. मुलगा गुणी आहे, त्याला बोललो नाही. पण मंद्या, तुझी ती बेरीज! आपण सगळं सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे जेमतेम सात अंकांच्या अचूकतेत ठेवलं होतं, आणि तिथे 1,67,77,216 मध्ये 1 मिळवला तर उत्तर तेवढंच राहतं. म्हणून तू गणितज्ञ कहानची 1965 सालची युक्ती घातलीस: प्रत्येक बेरजेत जे सांडतं ते "भरपाई"त धरून ठेवायचं आणि पुढच्या फेरीला परत द्यायचं. वर कमेंट, "हात लावाल तर भूत मागे लागेल."

कंपायलर कमेंट वाचत नाही. भरपाई = (नवी − जुनी) − भर. शाळेतल्या बीजगणिताने हे शून्यच, आणि ओफास्ट म्हणजे कंपायलरला शाळेतलं बीजगणित वापरायची मोकळीक. असेंब्ली काढून पाहिली. भरपाईच्या वजाबाक्या नाहीतच. नुसती बेरीज, एका दमात आठ-आठ आकड्यांची. रात्री दीडला एकटाच बसून होतो, पोटात खड्डा पडला.

नवी मेकफाइल दुरुस्त केली, ताळेबंद जुळला. पण झोप त्यामुळे उडालेली नाही. आपल्या पेपरातली आकृती 4 कोणत्या फ्लॅगने निघाली होती? त्या वेळी मेकफाइल गिटमध्ये नव्हती, म्हणजे बदलांची नोंदच नाही. शेवटच्या आठवड्यात आपण दोघंही वेगासाठी काय काय घालून बघत होतो, तुला आठवतंय ना? त्या आकृतीतल्या भूजलाच्या घटीवर पुढे दोन जणांनी काम उभं केलंय. ती घट जमिनीतली की आपल्या बेरजेतली, हे मला कळलंच पाहिजे. चूक निघाली तर दुरुस्तीची नोंद आपण दोघांच्या नावाने पाठवू. सरांना मी सांगेन, तू काळजी करू नकोस.

नवं घर लागलं का? छोटी बालवाडीत रमली म्हणे. वहिनींना नमस्कार सांग.

आणि एक काम लगेच कर. तुझ्या त्या निळ्या हार्ड डिस्कवर पेपरच्या वेळचं जुनं एक्झिक्युटेबल, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्राम असेल. त्यावर एनएम, म्हणजे आतल्या नावांची यादी दाखवणारी कमांड चालव आणि "सेट फास्ट मॅथ" नावाचं सिम्बॉल दिसतं का बघ. आपल्या कंपायलरला, जीफोर्ट्रानला, लिंक करताना ओफास्ट दिलं असेल तर ते आत आलेलं असतं. दिसो वा न दिसो, रात्र असली तरी फोन कर. मी जागाच असेन.

तुझा,
सुह्या