राणी अजून दिसली नाही

प्रिय आई-बाबा,

दोघांना नमस्कार. आई, आधी तुझं उत्तर, हो, जेवते वेळेवर, आणि डोळ्याची सूज उतरली, तो सुजलेल्या डोळ्याचा फोटो मी दादाला हसायला पाठवला होता, त्याने तुला दाखवायलाच नको होता. बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलं "मग सापडली का राणी?" आणि तेवढ्यात वहिनीने हाक मारली, गोष्ट अर्धी राहिली, म्हणून आता सगळं लिहूनच काढते, पुण्यात तुम्हाला वेळ आहेच वाचायला.

तर काटोलला मामाच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहार फुटलाय, आई तुला तो वास माहीत आहे, संध्याकाळी तर डोकंच जड होतं. आणि माझी मधमाश्यांची पेटी इतकी भरली की झाकण उघडलं की माशा उकळत्या दुधासारख्या वर येऊन राहिल्या. पोळं धरणाऱ्या दहाच्या दहा चौकटींवर माशा, पायांना परागाचे पिवळे गोळे, सगळं झकास. पण इतकी गर्दी झाली की मोहोळ फुटतं, जुनी राणी अर्ध्या माशा घेऊन उडून जाते आणि मग आपण झाडाखाली मान वर करून बघत बसायचं. त्याआधी आपणच पेटीचे दोन भाग करायचे, आणि त्यासाठी राणी कुठल्या भागात आहे ते माहीत पाहिजे, म्हणून हा सगळा शोध. सापडली की तिच्या पाठीवर निळा ठिपकाही द्यायचा होता, २०२५ ची आहे ना ती, पाच आणि शून्यवाल्या वर्षांच्या राणीला निळा असतो, जगभर तसंच चालतं.

पुस्तकात वाचलं की किती सोपं वाटतं! लांब पोट, पंख त्याच्या अर्ध्यापर्यंतच, पाठ तुळतुळीत, चाल संथ. अरे पण वीस-पंचवीस हजार माशांत?

पहिल्या रविवारी मी स्मोकरने इतका धूर दिला की सगळ्याच पळत सुटल्या आणि राणीही पळालीच असणार, चूक माझीच, तिला शोधताना धूर नावापुरता द्यायचा असतो. दुसऱ्या वेळी सकाळी आठलाच उघडली, थंडी होती, बाहेर जाणाऱ्या माशा पण घरीच, म्हणजे मुंगी शिरायला जागा नाही. मग अक्कल आली, दुपारी बारानंतर उघडायची. कडेची एक चौकट आधी बाहेर काढून ठेवायची म्हणजे हात चालायला जागा होते, आणि एक चौकट उचलली की हातातली बघायच्या आधी पेटीतल्या पुढच्या चौकटीकडे नजर टाकायची, कारण उजेड पडला की ती अंधाराकडे सरकते. तीनदा सगळ्या चौकटी दोन्ही बाजूंनी बघितल्या. नाहीच.

मामा बांधावर बसून संत्री सोलत बघत होता, म्हणे "काय शोधून राहिली वो इतकं, पळाली असन तुयी राणी." मला खरंच धसका बसला. आणि तेव्हा बाबा, तुमचं ते काळं भिंग आठवलं, दुकानातलं, डोळ्याच्या खोबणीत दाबून बसवायचात ते. दुकान बंद करताना मी ते गुपचूप ठेवून घेतलं होतं, आज सांगून टाकते. चौकट हातात, ऊन खांद्यावरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडेल असं धरलं, आणि तोंडावरच्या जाळीच्या आत भिंग लावून बघितलं (कसं दिसत असेल ते विचारू नका, मामा अजून नक्कल करतो). तळाशी अंडी! तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, एका घरात एकच, आणि बरीचशी उभी. अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं आणि त्यातून अळी निघते. म्हणजे कालपर्यंत बाई इथेच फिरून गेलेली. इतवारीतल्या दुकानात स्क्रू पडला की तुम्ही टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरायचे, म्हणायचे स्क्रू नको शोधू, त्याची सावली शोध, मला अगदी तेच आठवलं.

मग शोधणं सोडलं आणि डाव टाकला. वर रिकामी पेटी चढवली, अर्ध्या चौकटी वर, अर्ध्या खाली, मध्ये राणी जाळी, तिच्यातून कामकरी माशा जातात पण राणीचं अंग अडकतं. चार दिवस हात लावला नाही. अंडं तीन दिवसांत फुटतं, त्यामुळे चौथ्या दिवशी जिथे अंडी तिथे राणी, दुसरीकडे नुसत्या अळ्या. उघडलं तर अंडी खालच्या पेटीत. झालं काम! तिचं तोंडही न बघता.

खालची पेटी जागेवरच ठेवली, वरची विहिरीकडे नेली, आणि तिला अंड्यांची एक चौकट दिली, माशा ब्रशने झटकून, नाहीतर राणीच तिकडे जायची. परवा बघितलं तर तिथल्या माशांनी शेंगदाण्याच्या शेंगेसारखी राणीघरं लोंबती बांधायला घेतली आहेत. अंड्यापासून सोळा दिवसांत नवी राणी बाहेर, मग तिचं उडणं, नरांना भेटणं, अंडी घालायला लागायला आणखी आठवडा-दोन आठवडे. मामाला म्हटलं बहार संपेपर्यंत दिवसा फवारणी करायची नाही, कुरकुरला पण ऐकलं.

जुनीला ठिपका राहिलाच. खरं सांगू, चारच चौकटी उरल्यात, आता शोधली तर सापडेल, पण दोन रविवार झाले मी त्या पेटीला हात लावला नाही, उगाच का त्रास द्यायचा आणि दुसरं म्हणजे माझा हात थरथरतो. बाबा, तुम्ही म्हणाल माझाही थरथरतो, म्हणूनच तर दुकान बंद केलं. ठिपका मी देईन, तुम्ही फक्त भिंग लावून सांगा कुठे आहे ती. तुमची नजर अजून माझ्यापेक्षा बरी आहे, मोतीबिंदू काढल्यावर तर जास्तच.

होळीच्या आधीची तिकिटं बघू का? नंतर ऊन लागायला लागेल आणि आई यायला नाही म्हणेल. दादाला मी सांगते. येताना आईच्या कपाटातली तुमची जुनी सुती पूर्ण बाह्यांची शर्टं आणा, पांढरी, काळ्या कपड्यांवर माशा चिडतात.

तुमची,
छोटी

ता.क. आई, मधाची बाटली पाठवली नाही कारण अजून काढलाच नाही, मामाला विचारू नकोस, तो भलतंच सांगेल.