गळकी बादली आणि दहावीचं गणित

आदरणीय सर,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "जेवलास का?" म्हणून विषय बदलता. आता तुम्ही निवृत्त झालात, निवांत वाचा.

जून २०१९ चा निकाल. राज्याचाच निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला होता, पण घरी ते कोण ऐकतंय! माझं गणित, विज्ञान, इंग्रजी, तिन्ही गेलं. दोनच विषय राहिले असते तर एटीकेटीवर अकरावी तरी मिळाली असती. आयटीआयच्या यादीत दहावी नापासाला चालणारे ट्रेड शोधले आणि पत्रे कारागीर घेतला. आवड वगैरे काही नव्हती, जागा होती.

वडील म्हणाले, "पत्रा ठोकायला दहावी कशाला?" मलाही पटलं होतं. तुम्ही, आमचे वर्कशॉपचे सर, मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणालात, "ठोकायला नाही लागत. कुठे कापायचा ते ठरवायला लागते."

मग ती बादली आली. दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात शंकूछेदाखाली (टोक कापलेला शंकू) आहे तीच: तोंडाची त्रिज्या १४ सेंमी, बुडाची ७, उंची ३०. पाणी किती मावेल? हे गणित मी परीक्षेत कोरं सोडलं होतं. तुम्ही उत्तर विचारलंच नाही. म्हणालात, "करून आण." आधी खोक्याचा पुठ्ठा, मग जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा. तिरकी उंची काढायला पायथागोरस लागला, ती आली ३०.८. एकाच केंद्रावरून ३०.८ आणि ६१.६ चे दोन कंस मारायचे, मध्ये साधारण ८२ अंशांचा तुकडा, शिवाय शिवणीसाठी, म्हणजे कडा जोडायला, जास्तीचा पत्रा. पहिल्यांदा शिवण धरायला विसरलो आणि पत्रा वाया गेला. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त तो तुकडा माझ्याच टेबलावर आठवडाभर ठेवलात. (ओरडला असतात तर बरं झालं असतं.)

शेवटी लिटरच्या मापाने पाणी ओतलं. सूत्र म्हणत होतं १०.७८ लिटर. आम्ही दहा ओतेपर्यंत खाली थारोळं झालं होतं. "हिशोब बरोबर आहे, शिवण गळतेय," म्हणालात. माझा हिशोब बरोबर आहे असं मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं.

पण सर, खरे आभार बादलीचे नाहीत. रिपीटरचा फॉर्म जुन्या शाळेतूनच भरायचा होता आणि त्या गेटातून आत जायची मला लाज वाटत होती. तारीख जवळ आली तरी मी थापा मारत होतो. तुम्ही अर्धा दिवस रजा टाकलीत, मला गाडीवर मागे बसवलंत आणि ऑफिसात माझ्या शेजारी उभे राहिलात. क्लार्क म्हणाला, "हा परत बसून काय दिवे लावणार?" तुम्ही म्हणालात, "फॉर्म द्या." बस्स, एवढंच.

मार्च २०२० मध्ये पेपर दिले. पुढे लॉकडाऊनमध्ये भूगोलाचा पेपरच रद्द झाला, त्याचा मला उपयोग नव्हता, माझा भूगोल आधीच सुटलेला! २९ जुलैला निकाल लागला. गणितात ५१. वर्कशॉप बंद होतं, म्हणून पेढे द्यायचे राहिले. नंतर १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून बारावीही केली, तेव्हा गेटातून एकटा गेलो.

आता भोसरीत एसीच्या डक्टचं काम करतो. चौकोनी डक्ट गोल पाइपाला जोडायचा तुकडा असला की ड्रॉइंग माझ्याकडे येतं. मी आधी पुठ्ठा कापतो. नवी पोरं हसतात, हसू देत.

बादली आईने कांदे ठेवायला घेतलीय, पाण्याच्या कामाची ती कधी झालीच नाही. येत्या रविवारी घेऊन येतो. शिवणीला डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) सामान तुमच्याकडे असेलच, काढून ठेवा. पेढेही आणतो.

तुमचा,
दुसऱ्या बाकावरचा