साहाय्यक कुत्र्याला कायद्यात जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे माझ्या धाकट्या बहिणीची दृष्टी पंचविशीतच गेली. ती अमेरिकेत न्यू जर्सीत राहते आणि तिथल्याच ‘द सीइंग आय’ या १९२९ पासूनच्या संस्थेत शिकलेल्या लॅब्रडॉर कुत्रीबरोबर एकटी कामाला जाते. रस्ता कुत्रीला ठाऊक नसतो. डावे-उजवे बहीण सांगते. फूटपाथ संपला की कुत्री थांबते, खड्डा चुकवते. डोक्याच्या उंचीवरची फांदी पांढऱ्या काठीला लागत नाही, कुत्री मात्र तिला वळसा घालून नेते. गाडी येत असेल तर बहिणीने ‘चल’ म्हटले तरी जागची हलत नाही. मी मागून चालताना हे पाहिले, तेव्हा डोळे भरून आले.

तिथे हॉटेलात, बसमध्ये, दवाखान्यात आम्हाला कुणी अडवले नाही. १९९० च्या तिथल्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे दारावरचा माणूस दोनच गोष्टी विचारू शकतो : अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागद मागता येत नाही.

पुण्याला येताना मात्र ती कुत्रीला तिथेच ठेवते आणि इथे माझा दंड धरून चालते. मी आधी दोन हॉटेलांत विचारले होते. ‘कुत्रा चालणार नाही’, एवढेच उत्तर मिळाले. त्यांना तरी काय म्हणावे? आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, साहाय्यक कुत्र्याचा उल्लेख नाही.

केवळ सोबतीने धीर देणारा पाळीव प्राणी आणि काम शिकलेला कुत्रा यांत अमेरिकेचा कायदा फरक करतो. आपणही तो करावा, नाहीतर हौशी मालकांमुळे गरजूंवरचा विश्वास उडेल. मानसिक आजारात रुग्णाला सावरण्याचे काम शिकलेला कुत्रा मात्र साहाय्यकच धरला पाहिजे.

सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावे यासाठीचे, नियम शिफारशीपुरते न ठेवता बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राला सांगितले. त्या नियमांत रॅम्प आणि लिफ्टच्या जोडीला प्रशिक्षित कुत्र्यासह प्रवेशाचा हक्क स्पष्ट लिहावा, ही माझी विनंती आहे. वाचकांनाही एक सांगणे : हार्नेस (अंगाभोवतीचा मुठीचा पट्टा) घातलेला कुत्रा दिसला तर त्याला हाक मारू नका, गोंजारू नका. तो कामावर असतो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे