सूचना : पावसाळ्यापूर्वी यूपीएस, जनरेटर व अर्थिंगची तपासणी

सांगली-मिरज परिसरातील सर्व सभासद रुग्णालये व प्रयोगशाळांना कळविण्यात येते की, पर्यायी वीजव्यवस्थेची तपासणी ३१ मेपूर्वी करून घ्यावी. जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातातच आणि तेवढ्या अवधीत यंत्रे बंद पडू नयेत म्हणून बॅटरीवर वीज देणारा यूपीएस असतो. त्यामुळे केवळ त्याचा दिवा लागलेला पाहून समाधान न मानता, यंत्रांना एकही रुग्ण जोडलेला नसताना मुख्य पुरवठा बंद करून बॅटरी प्रत्यक्ष भारावर किती मिनिटे टिकते ते मोजावे व नोंदवावे. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांनी साधारण निम्मे होते. आपल्याकडील उन्हाळा पाहता जिन्याखालची कोंदट खोली तिच्यासाठी योग्य नाही. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) व अर्थिंग यांमधील व्होल्टेजही परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे.

सर्वांत निकडीची बाब पुराची आहे. २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते, हे ध्यानात ठेवून पूरप्रवण भागातील सभासदांनी तळमजल्यावरील जनरेटर, पॅनेल व बॅटऱ्या त्या पाणीपातळीच्या वर हलवाव्यात. तपासणीच्या नोंदींची प्रत कार्यालयात जमा करावी.

– सचिव