आईस अ‍ॅक्स घेण्याआधी

कोल्हापूर

प्रिय अजित,
सप्रेम नमस्कार.

स्पितीतल्या गोठलेल्या धबधब्यांवर चढायला तू जाणार, हे वाचून फार आनंद झाला. विकतच्या आईस अ‍ॅक्स (बर्फात रोवून चढायच्या कुऱ्हाडी) महाग पडतात, तर आपल्या उद्यमनगरातून दोन करून मिळतील का, असं विचारलंयस. भावा, ते नको. आकार हुबेहूब निघेल, आपल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंकाच नाही. पण अ‍ॅक्सचा जीव तिच्या पिकमध्ये, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या टोकदार चोचीत. ती क्रोम-मॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची असते. पाणी देताना, म्हणजे तापवून विझवताना, जास्त कडक झाली तर टोक तुटतं, मऊ राहिली तर वाकतं, आणि नुसतं बघून यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी लॉटमधले नग तोडून बघावे लागतात. दोन नगांसाठी ते कोण करणार? आणि तू त्या टोकावर लटकणार आहेस.

बाकदार पिक रुजवली तीही एका लोहारानेच, हे तुला आवडेल. अमेरिकेचा इव्हॉन शुइनार हा गिर्यारोहक स्वतः भट्टीवर पिटॉन, म्हणजे कातळाच्या फटीत ठोकायच्या मेखा, घडवायचा. १९६६ च्या उन्हाळ्यात तो फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या बॉसाँ हिमनदीवर निरनिराळ्या अ‍ॅक्स मारून बघत होता. सरळ पिक भार आला की निसटायची. हात ज्या चापात फिरतो त्याला जुळणारा बाक दिला की ती रुतून राहते, हे ओळखून त्याने तिथल्या शार्ले या कारखान्याकडून ५५ सेंटिमीटरची अ‍ॅक्स करून घेतली.

गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला तुला मिळाली होती ती सरळ दांड्याची अ‍ॅक्स हिमनदीवर चालायला, घसरलास तर सेल्फ अरेस्ट करायला, म्हणजे ती बर्फात रोवून स्वतःला थांबवायला. धबधब्याच्या उभ्या बर्फावर तिचा उपयोग नाही. तिथे साधारण ५० सेंटिमीटरची, वाकलेल्या दांड्याची जोडी लागते. दांडा सरळ असला तर प्रत्येक घावाला बोटं बर्फावर आपटतात. दांड्यावर आणि पिकवर ‘टी’ची (टेक्निकल, नव्या नगांवर ‘२’) खूण आहे का बघ. ‘बी’ (बेसिक, नव्या नगांवर ‘१’) म्हणजे साध्या वापराची. तरी माझं मत विचारशील तर यंदा विकत घेऊच नकोस, गटाकडच्या दोन-तीन प्रकारच्या वापरून बघ आणि मग ठरव.

खरं शिकायचं ते घाव घालणं. जोर लावून हाणायचं नसतं. कोपर वर, पिक, मनगट आणि खांदा एका रेषेत, आणि शेवटच्या क्षणी मनगटाचा झटका. फुगवट्यावर मारलंस तर ताटाएवढी कपची सुटून अंगावर येते, म्हणून खळगा शोध. आधीच्या कोणी पाडलेलं भोक दिसलं तर त्यातच पिक अडकव, त्यात कमीपणा नाही. घाव नीट बसला की आवाज भरीव, दबका येतो. पोकळ वाजला तर भार टाकू नकोस. दोन्ही अ‍ॅक्स शेजारी-शेजारी एका उंचीवर मारू नकोस, तडे एकमेकांना मिळतात. एक वर, एक खाली, आणि मध्ये खांद्याएवढं अंतर. काढताना दांडा आडवा पिळायचा नाही, पिक तिथेच मोडते. वर-खाली हलवून सोडवायची. आणि मूठ सैल ठेव रे. आपण सह्याद्रीच्या कातळावर बोटांनी कवटाळायला शिकलो, इथे तसं केलंस तर हात भरून येतील. भार पायांवर, क्रॅम्पॉनच्या (बुटांखाली बांधायच्या लोखंडी काट्यांच्या) पुढच्या दातांवर, टाचा खाली.

पिक बोथट झाली तर कानसच वापर. बेंच ग्राइंडरवर धरून टोक निळं पडलं की टेम्पर, म्हणजे स्टीलला दिलेला कडकपणा, गेला.

निघण्याआधी एक रविवार काढून इकडे ये. माझी जोडी आहे, कानस कशी चालवायची ते करूनच दाखवतो. येताना तिकडे घालणार आहेस ते जाड हातमोजे आण. मूठ हातात बसते की नाही ते हातमोजे घालूनच बघायचं.

तुझा,
विनायक