रविवारचा ऑनलाइन वर्ग : येण्याआधी पाच याद्या करून आणा

सभासद मित्रमैत्रिणींनो,

क्षेत्रकार्याच्या, म्हणजे लोकांमध्ये जाऊन माहिती गोळा करण्याच्या, पद्धती शिकवणारा आपला पुढचा वर्ग येत्या रविवारी झूमवर होईल. वेळ भारतात संध्याकाळी ७, म्हणजे नैरोबीत दुपारी ४.३०. लिंक शनिवारी रात्री याच गटावर येईल.

विषय आहे फ्री लिस्टिंग. ‘तुम्हाला माहीत असलेल्या रानभाज्या सांगा’ एवढंच विचारायचं आणि माणूस सांगेल त्याच क्रमाने लिहून घ्यायचं. बहुतेकांच्या यादीत जे येतं, तेही सुरुवातीलाच, ते त्या समाजाच्या मनात ठळक असतं. पद्धत दिसायला सोपी आहे, पण मध्येच नाव सुचवलं की यादी बिघडते. म्हणून हे करूनच शिकायला हवं.

फ्लोरिडा विद्यापीठाने पद्धतींचे असे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवले आहेत. ज्यांच्या विभागात पद्धतींचा स्वतंत्र पेपर नाही, त्यांना याचं मोल लगेच कळेल.

- घरातल्या किंवा शेजारच्या पाच जणांच्या याद्या आणा, विषय कोणताही चालेल.
- आधी त्यांची संमती घ्या. यादीवर नाव नको, फक्त वय आणि गाव.
- वर्गाचं रेकॉर्डिंग कोणीही करू नये.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.