रात्री दोनचा सीटी स्कॅन वाचतो कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उपजिल्हा रुग्णालयाला सीटी स्कॅन मशीन मंजूर झाले की बातमी होते, फीत कापल्याचा फोटो छापून येतो. मशीन हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री दोन वाजता त्यातून निघालेले मेंदूचे चित्र वाचणार कोण, हे त्या बातमीत कधी नसते. वाचतो तो कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेला डॉक्टर. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारा तज्ज्ञ, तेव्हा घरी असतो किंवा टेलिरेडिओलॉजीच्या (दुरून संगणकावर स्कॅन वाचण्याच्या सोयीच्या) दुसऱ्या टोकाला. त्याचा लेखी रिपोर्ट यायला वेळ लागतो, कधी सकाळच उजाडते. दुचाकीवरून पडलेल्या किंवा अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला तेवढी उसंत नसते. तेव्हा पहिले वाचन कॅज्युअल्टीतच होणार, हे गृहीत धरून तशी सोय करायला हवी. सध्याची सोय म्हणजे फिल्म आणि व्हॉट्सॲप.

टेक्निशियन फिल्म छापतो, एकीवर वीस-चोवीस छोटी चित्रे. ती व्ह्यू बॉक्सवर लावून, आणि तो बंद असेल तर ट्यूबलाइटसमोर धरून, मोबाइलने फोटो काढला जातो आणि शहरातल्या न्यूरोसर्जनला जातो. यात काय हरवते ते पाहा. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो, त्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. पाणी ०, मेंदूतला पांढरा भाग २५ ते ३०, करडा भाग ३५ ते ४०, ताजे गोठलेले रक्त ६० ते ८०, आणि हाड कित्येकशे. मेंदूची फिल्म छापताना साधारण ० ते ८० एवढाच पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतात. त्याच्या वरचे सगळे सरसकट पांढरे. कवटीला आतून चिकटलेला तीन-चार मिलिमीटरचा रक्ताचा थर, म्हणजे पातळ सबड्यूरल, त्या पांढऱ्यात हाडाबरोबर विरघळून जातो. फिल्मवर तो शोधावा लागतो, फोटोत तर सापडतच नाही. कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या संगणकावर, बसून माउसने हाच पट्टा उणे २० ते १८० केला की हाड एकीकडे आणि रक्त एकीकडे होते, थर कडेने करड्या फितीसारखा उठून दिसतो. काम दहा सेकंदांचे. पण त्यासाठी डॉक्टरला कन्सोलच्या खोलीत जाऊ द्यायला हवे, आणि बाहेर पाठवायची ती मूळ डायकॉम फाइल (सगळे आकडे जपणारी स्कॅनची फाइल), फोटो नव्हे.

वाचायचा क्रम ठरलेला असावा: रक्त, मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या जागा म्हणजे सिस्टर्न, मग मेंदू, व्हेंट्रिकल (मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या) आणि शेवटी हाड. त्याआधी नाव आणि वेळ तपासायची, कारण घाईत दुसऱ्याचाच स्कॅन उघडलेला असू शकतो. डोके तिरके ठेवून काढलेल्या स्कॅनमध्ये दोन बाजू मुळातच वेगळ्या दिसतात, हेही ध्यानात ठेवावे. मार लागलेल्या पेशंटमध्ये टाळूची त्वचा कुठे सुजली आहे ते आधी बघावे, त्याखालचे हाड आणि मेंदू तपासावा, आणि मग बरोबर समोरची बाजू. मेंदू आपटतो तो बऱ्याचदा तिकडे. भिंगाच्या आकाराचे रक्त हाडाच्या सांध्यापाशी थांबले असेल तर एपिड्यूरल (मेंदूच्या आवरणाबाहेरचे), चंद्रकोरीसारखे पसरून सांधा ओलांडत असेल तर सबड्यूरल (आवरणाखालचे). हे पाठ सगळ्यांचेच असते. चूक होते ती कोपऱ्यांत: अगदी वरचे दोन-तीन काप, टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागाचे टोक, टेंटोरियमची (मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या पडद्याची) कड, आणि उताण्या पेशंटच्या व्हेंट्रिकलच्या मागच्या शिंगात साचलेला रक्ताचा थेंब. कोरोनल, म्हणजे समोरून पाहिल्यासारखे उभे, काप काढून घेतले की यातल्या निम्म्या जागा आपोआप समोर येतात. मशीन ते काढून देते, मागावे मात्र लागतात.

आपल्याकडे एक सापळा खास आहे. रक्त पांढरे दिसते ते त्यातल्या हिमोग्लोबिनच्या प्रथिनामुळे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सात-आठ आहे, तिचे ताजे रक्तसुद्धा मेंदूच्याच रंगाचे दिसू शकते. तीच गत दोन-तीन आठवडे जुन्या सबड्यूरलची. न्हाणीघरात घसरलेल्या आजोबांना महिन्याभराने विसरायला होते, चाल अडखळते, आणि स्कॅनवर पांढरे काहीच नसते. तिथे रक्त शोधण्यापेक्षा मेंदूच्या घड्या कवटीपर्यंत पोचतात का, ते पाहावे. त्या मध्येच थांबत असतील, मेंदूची मधली रेघ कारणाशिवाय सरकली असेल तर थर आहेच. दोन्ही बाजूंना थर असेल तर रेघ सरकणारही नाही. तेव्हा सत्तरीच्या माणसाचा मेंदू विशीतल्यासारखा भरगच्च दिसला की संशय घ्यायचा. उलट चूकही होते. मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतले, बेसल गँग्लिया या खोल भागातले किंवा जुन्या सिस्टिसर्कोसिसच्या (फीतकृमीच्या अळीच्या) गाठीतले कॅल्शियम रक्त म्हणून कळवले जाते. त्यावर कर्सरने छोटे वर्तुळ काढून आकडा वाचला आणि तो १००च्या पुष्कळ वर निघाला, तर ते रक्त नव्हे.

पण सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘सीटी नॉर्मल’ हा शेरा. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पॅरालिसिस झाला असेल तर पहिल्या काही तासांत स्कॅन नॉर्मल किंवा जवळपास नॉर्मलच असतो. सीटी तिथे काढतात तो रक्तस्राव नाही ना, हे पाहायला. अशा पेशंटला ‘काही नाही, घरी न्या’ म्हणणे म्हणजे नेमके उलटे वाचणे. स्कॅनमध्ये रक्त नाही, याचा अर्थ गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येईल का, याचा विचार लगेच सुरू करायचा. ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचे असते. मोठी वाहिनी तुंबली असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते, पण त्यासाठी अँजिओग्राम करून योग्य ठिकाणी पोचावे लागते. बारकाईने पाहिले तर सुरुवातीच्या खुणा दिसतातही. पट्टा २० ते ६० असा अरुंद केला की इन्सुला या मेंदूच्या आतल्या घडीची करडी कड एका बाजूला पुसट झालेली कळते, कधी मेंदूच्या मधल्या धमनीत पांढरी रेघ दिसते. पण खुणा नाहीत म्हणून पॅरालिसिस नाही, असे होत नाही. निदान पेशंटच्या हातापायावरून करायचे.

लहान मेंदूच्या बाबतीत सीटी आणखी लंगडा. कानामागच्या जाड हाडांमुळे त्या भागात काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि खरा बिघाड त्यात झाकला जातो. चक्कर येते आणि आधाराशिवाय उभेही राहता येत नाही, अशा माणसाला नॉर्मल सीटीच्या भरवशावर सोडू नये. बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी हा असाच प्रकार: शिरांच्या सायनसमध्ये गुठळी असते आणि साधा सीटी पुष्कळदा काही बोलत नाही. तिला व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा स्कॅन, लागतो. अचानक, आयुष्यात कधी नव्हते इतके डोके दुखले तर पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर काढलेला आणि जाणकाराने वाचलेला सीटी फार विश्वासार्ह असतो. त्यानंतर तो नॉर्मल आला तरी पाठीतले पाणी तपासण्याचा विचार व्हावा.

रेडिओलॉजिस्टला बोल लावण्यापूर्वी आपण त्याला काय पाठवतो, तेही बघू. मागणीच्या कागदावर ‘सीटी ब्रेन’ एवढेच दोन शब्द असतात. ‘संध्याकाळी सातपासून डावा हात लुळा, वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू’ असे लिहिले तर तो उजव्या बाजूची इन्सुलाची कड दोनदा तपासेल. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने आपले वाचन केसपेपरवर वेळेसह लिहावे. अंतिम रिपोर्ट वेगळा आला तर रेडिओलॉजिस्टने फोन करायचा, नुसता रिपोर्ट फाइलला लावायचा नाही. पेशंट घरी गेला असेल तर त्याला परत बोलावायची जबाबदारी कोणाची, हेही नावानिशी ठरलेले हवे. आज बहुतेक ठिकाणी ती कोणाचीच नसते. आणि पेशंटची शुद्ध उतरू लागली तर जुन्या स्कॅनवर चर्चा करत बसू नये, नवा काढावा.

नातेवाइकांना एवढेच सांगणे: पेशंट शेवटचा नीट होता ती वेळ नक्की सांगा. झोपेतून उठल्यावर लक्षात आले असेल तर झोपण्याची वेळ सांगा, उठण्याची नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रिकामी स्ट्रिप बरोबर आणा. दुसऱ्या दवाखान्यात हलवताना फिल्मच्या पिशवीबरोबर स्कॅनची सीडी किंवा लिंकही मागून घ्या. ती नसेल तर पुढच्या ठिकाणी स्कॅन पुन्हा काढला जातो.

आपले,
आकस्मिक विभागात काम करणारे काही डॉक्टर